गर्भिणीचा पांडुरोग आणि लुसी विल्स

मुंबईच्या गरीब वस्त्यांतील गर्भवती स्त्रिया पांडुरोगाने दगावतात, ही गोष्ट १९२८ साली कोणालाही नवी नव्हती. गर्भारपणात रक्त कमी व्हायचेच, अशी समजूत घरीदारी रूढ होती आणि पुष्कळशा डॉक्टरांचीही तिला मूक संमती होती. भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांना मात्र ही समजूत मान्य नव्हती. बाळंतपणातील मृत्यूंची कारणे शोधण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. त्यासाठी रक्ताची पारख असणारी व्यक्ती हवी होती. अशा वेळी परळच्या हाफकिन संस्थेत लुसी विल्स येऊन दाखल झाल्या.

विल्सबाईंचा जन्म १८८८ सालचा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास १९११ मध्ये पुरा केला. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांच्या परीक्षा घेई, पण त्यांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या व काही काळ त्यांनी शुश्रूषेचे काम केले. परत आल्यावर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १९२० मध्ये डॉक्टर झाल्यावरही दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाची प्रयोगशाळा पत्करली आणि गर्भारपणातील शारीरिक रसायनाचा अभ्यास सुरू केला.

मुंबईत त्यांच्यापुढे आलेले कोडे विलक्षण होते. लोहाच्या अभावी होणाऱ्या पांडुरोगात रक्तातील तांबड्या पेशी लहान व फिकट दिसतात. या स्त्रियांच्या रक्तात पेशी थोड्या होत्या, पण असलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. युरोपात घातक पांडुरोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे हेच लक्षण. त्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय नुकताच, १९२६ मध्ये, अमेरिकेत सापडला होता. तेव्हा दोन्ही रोग एकच ठरवून मोकळे होणे सोपे होते. विल्सबाईंनी ते केले नाही. युरोपातील रोग्यांच्या जठरात आम्ल नसे आणि त्यांचे मज्जातंतूही बिघडत. मुंबईच्या स्त्रियांत ही चिन्हे सहसा आढळत नव्हती. शिवाय प्रसूतीतून जी वाचली, तिचा रोग पुढे बहुधा आपोआप ओसरे.

मग प्रयोगशाळेतील ही बाई स्वयंपाकघराकडे वळली. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ताटात दूध, फळे, भाजीपाला व मांस जवळजवळ नव्हते, अशा गरीब, विशेषतः पडद्यात राहणाऱ्या मुसलमान स्त्रियांना हा रोग अधिक जडत होता. हा आहार उंदरांना देऊन पाहिला, तेव्हा त्यांनाही पांडुरोग झाला. आनंद फार टिकला नाही. उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणारा एक संसर्ग त्याला कारण होता, असे उघडकीस आले. पुष्कळ संशोधक अशी चूक पोटात घालतात. विल्सबाईंनी ती मान्य केली आणि माकडांवर नव्याने प्रयोग मांडले. निकृष्ट आहाराने खालावलेली माकडे मार्माइटने सुधारली. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क, इंग्रज घरांत पावाला लावून खाण्याचा एक स्वस्त पदार्थ.

हाच अर्क रुग्ण स्त्रियांना देताच थोड्या दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. यकृताचा ओबडधोबड अर्कही गुण देई. पण घातक पांडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला अर्क येथे निरुपयोगी ठरे. म्हणजे दोन्ही रोगांत उणीव होती ती निरनिराळ्या द्रव्यांची. या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले गेले, आणि विल्स घटक तो हाच, हे पुढे स्पष्ट झाले. नाव बदलले आणि बाई विस्मरणात गेली!

आज गर्भवतीला लोह व फॉलिक आम्लाची गोळी सरसकट दिली जाते, आणि ते योग्यच आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. त्यांतील कोणीला लोह कमी पडते, कोणीला बी-१२ जीवनसत्त्व, कोणी हिवतापाने खंगलेली असते. नंदुरबार वा गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात तिला सिकलसेलही असू शकतो. हा भेद सांगावयाचा तर काचेवरचा रक्ताचा थेंब वाचणारा शिकलेला माणूस जवळपास हवा. तो जिल्ह्याच्या ठिकाणीच बसणार असेल, तर खेड्यातील गर्भिणीचे निदान अंदाजानेच होणार. विकृतिशास्त्राचे शिक्षण ही मोठ्या रुग्णालयांची चैन मानण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे.

विल्सबाई १९३७ मध्ये पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या, या वेळी विमानाने. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या रुग्णालयावर बॉम्ब पडला, तरी त्यांनी आपले काम सोडले नाही. १९४७ मध्ये विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्यावर जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण आणि पांडुरोग यांचाच मागोवा घेतला. अखेरच्या वर्षांत मजूर पक्षाच्या वतीने त्या चेल्सीच्या नगरसभेतही बसल्या. लग्न त्यांनी केले नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर २७ वर्षांनी, पाठीच्या कण्याचा वा मेंदूचा जन्मजात दोष असलेले मूल ज्यांना एकदा झाले होते, अशा स्त्रियांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास पुढच्या मुलातील असे दोष ७२ टक्क्यांनी कमी होतात, असे तीत आढळले.