महमूद गवान

पाचशे वर्षांपूर्वी भातकुलीचा काळ्या मातीचा मुलूख बिदरच्या बहमनी सुलतानांच्या राज्यात होता. त्या राज्याचे चार मोठे प्रांत असून त्यांस तरफ म्हणत. वऱ्हाड ही त्यांपैकी एक तरफ होय. तरफेचा महसूल, फौज व किल्ले ही सर्व तरफदाराच्या हाती असत. बिदर दूर आणि तरफदार जवळ. तेव्हा रयतेस तोच राजा वाटे. जितकी वर्षे तो त्या जागी राही, तितका त्यालाही तसाच भास होऊ लागे!

हा दोष ओळखणारा पुरुष परदेशातून आलेला होता. महमूद गवान हा इराणातील गिलान प्रांताचा. सन 1453 च्या सुमारास व्यापाराच्या निमित्ताने तो दाभोळ बंदरात उतरला व पुढे बिदरला गेला. विद्वत्ता व सचोटी यांच्या बळावर दरबारात त्याची योग्यता वाढत गेली आणि तिसऱ्या महंमदशहाच्या कारकिर्दीत तो मुख्य वजीर झाला. त्याने गोवे जिंकले. बिदरला भव्य मदरसा बांधला.

परंतु त्याचे खरे मोठे कार्य राज्यव्यवस्थेचे. त्याने चार तरफांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग पडले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने किल्लेदार नेमावेत, असे ठरले. जमिनीची मोजणी झाली. पदरी ठरल्यापेक्षा कमी शिपाई ठेवणाऱ्या सरदाराकडून तेवढी रक्कम सरकारात परत घेतली जाऊ लागली. अधिकाराचा विस्तार असा आटोक्यात आला. मात्र अधिकाऱ्याने एका जागी किती वर्षे राहावे, याची मुदत त्याच्या नियमांत आढळत नाही. तो स्वतःही सुमारे पंधरा वर्षे वजिरीवर होता. एवढ्या दूरदर्शी पुरुषाच्या हातून ही उणीव राहावी, याचे नवल वाटते.

ज्यांचे अधिकार कमी झाले, ते सरदार चिडले. त्यांनी गवानाच्या शिक्कानिशाला मद्य पाजून कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजास फितुरीचे पत्र लिहिले. सुलतानाने चौकशी केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी त्याच्या आज्ञेने या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. पुढे त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा धन फारसे निघाले नाही. व्यापाराच्या नफ्यातून तो आपला साधा खर्च भागवी.

पुढच्याच वर्षी पश्चात्तापदग्ध सुलतान वारला. गाविलच्या जागी फतेहुल्ला इमाद-उल-मुल्क हाच कायम राहिला. त्याने गाविलगडाचे तट दुरुस्त करविले आणि सन 1490 मध्ये तो वऱ्हाडाचा स्वतंत्र सुलतान झाला. त्याच सुमारास विजापूर व अहमदनगर येथेही नवी राज्ये उभी राहिली. त्यांचे संस्थापकही बहमनी राज्याचे अधिकारीच होते.