नागपुरात राहून गेलेले सर सी. व्ही. रामन

विज्ञान दिनाला आपण रामन यांचे नाव दरवर्षी ऐकतो. पण ते नोकरीनिमित्त आपल्या नागपुरात राहिले होते, हे मला यंदाच कळले. म्हणून त्यांची माहिती लिहिते आहे.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील शिक्षक होते. १९०७ साली रामन अर्थखात्याच्या परीक्षेत पहिले आले आणि कलकत्त्याला हिशेब-खात्यात मोठे साहेब झाले. दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. हे मात्र पहाटे आणि कचेरी सुटल्यावर एका विज्ञान-संस्थेत जाऊन प्रयोग करीत. १९०९ ला रंगूनला बदली, १९१० ला नागपूरला. वर्ष भरायच्या आत परत कलकत्ता! एवढाच काय तो मुक्काम, तरी मला त्याचे अप्रूप वाटते. १९१७ साली ती मानाची नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले.

१९२१ साली जहाजातून येताना त्यांना प्रश्न पडला, समुद्र निळा का? पुढे त्यांनी आणि कृष्णन यांनी निळ्या-जांभळ्या काचेतून गाळलेले ऊन द्रवात सोडले व हिरवट काचेतून पाहिले. खरं म्हणजे काळोखच दिसायला हवा. पण अंधूक उजेड दिसला! द्रवातून बाहेर पडताना थोड्याशा प्रकाशाने रंग बदलला होता. थोडासा म्हणजे किती, तर कोटीत एखादा कण. २८ फेब्रुवारी १९२८ चा हा शोध. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक पदार्थ हा रंग आपापल्या तऱ्हेने बदलतो. जणू अंगठ्याचा ठसाच.

आता पालकांनीही वाचावे बरं का. मारामारी झाली आणि एकाच्या सदऱ्यावर लाल डाग सापडला. रक्त की पानाची पिंक? चुकीचे ठरवले तर निरपराध माणूस तुरुंगात जाईल. जुन्या पद्धतीत डागाचा थोडा भाग काढून त्यावर औषध टाकतात, आणि तेवढा डाग संपतो. डाग तिळाएवढाच असला तर दुसऱ्या तपासणीला उरणार काय? रामन यांच्या पद्धतीत लेसरचा प्रकाश डागावर सोडतात आणि परत आलेल्या प्रकाशाच्या रेषा यंत्र वाचते. प्रकाश बेताचा ठेवला की डाग जागच्या जागी राहतो. अमेरिकेत आल्बनी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००८ पासून वाळलेले रक्त, लाळ आणि घाम असे वेगवेगळे ओळखून दाखवले. माणसाचे, कुत्र्याचे आणि मांजराचे रक्तसुद्धा!

अडचण एकच मोठी. कापड रंगीत किंवा मळके असले की लेसरने तेच चमकू लागते आणि त्या बारीक रेषा झाकून जातात. त्यामुळे जुन्या तपासण्या अजून सुटलेल्या नाहीत. नागपुरातही पोलिसांकडून आलेले असे डाग तपासणारी सरकारी प्रयोगशाळा आहे.

डागांची ही गोष्ट रामन यांना पाहायला मिळाली नाही. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोरला ते वारले. नागपूरला गांधीसागर तलावाजवळ १९९२ सालापासून त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे.