घरच्या धंद्यासाठी २१ व्या वर्षी रेसिंग सोडणारा आयर्टन सेन्ना पुढं तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झाला

पहिला पाऊस पडून गेला की मुर्रीहून गोंदियाला बाईकवर निघालेला माणूस ब्रेक जरा जपूनच दाबतो. रस्त्यावरची धूळ, सांडलेलं ऑइल आणि वरून पडलेलं पाणी यांचा असा काही चिखल होतो की चाळीसच्या स्पीडलाही गाडी हातातून सुटते.

आता असाच निसरडा रस्ता डोळ्यांसमोर आणा. स्पीड दोनशेच्या पुढं, चारही चाकं उघडी आणि पुढच्या गाडीनं उडवलेल्या पाण्यामुळं समोरचं काहीच दिसत नाही. अशा वेळी भलेभले ड्रायव्हर स्पीड कमी करायचे, आणि एक गडी नेमका त्याच वेळी पुढं निघायचा.

त्याचं नाव आयर्टन सेन्ना.

१९८८, १९९० आणि १९९१ असा तीन वेळा तो फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याला जाऊन तीस वर्षं उलटली, तरी त्याच्या पिवळ्या हेल्मेटचे व्हिडीओ आजही धडाधड शेअर होतात. पण फॉर्म्युला वनपर्यंत तो पोचला कसा, आणि मधेच सगळं सोडून घरी का गेला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

तर सुरवात होते ब्राझीलमधून.

गवत कापायच्या मशीनचं इंजिन

२१ मार्च १९६० ला साओ पावलो शहरात आयर्टनचा जन्म झाला. पूर्ण नाव आयर्टन सेन्ना दा सिल्वा. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा गाड्यांच्या पार्टचा धंदा होता, शेतीवाडी होती. थोडक्यात, घरात पैशाची कमी नव्हती.

कमी होती ती वेगळ्याच गोष्टीची. लहानपणी हे पोरगं चालताना सारखं अडखळायचं, पडायचं. आयर्टन चार वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला एक छोटी कार्ट बनवून दिली. त्याला इंजिन बसवलं गवत कापायच्या मशीनचं. पायी चालताना धडपडणारं पोरगं स्टेअरिंग हातात आलं की एकदम सरळ व्हायचं.

पण रेसमध्ये उतरायला वयाची अट होती. ब्राझीलमध्ये १३ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कार्टिंगची रेस खेळता येत नव्हती. शेवटी १९७३ मध्ये इंटरलागोसच्या ट्रॅकवर तो पहिल्यांदा उतरला. कोण कुठून सुटणार यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आयर्टनच्या हाताला एक नंबर लागला आणि आयुष्यातली पहिलीच रेस त्यानं सगळ्यात पुढून सुरू केली. रेस मात्र पूर्ण झाली नाही, मागच्याची धडक बसून तो बाहेर गेला.

पावसानं हरवलं, मग पावसातच सराव

सुरवातीच्या काळात एका रेसमध्ये पाऊस आला आणि आयर्टनची पार दाणादाण उडाली. कोरड्या ट्रॅकवर ज्यांना तो सहज मागं टाकायचा, ते सगळे बाजूनं निघून गेले.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर पाऊस सुरू झाला की बाकीची पोरं घरी पळायची आणि हा कार्ट घेऊन ट्रॅकवर जायचा. कोणत्या वळणावर पाणी साचतं, चाक कधी घसरतं, घसरलं तर किती अॅक्सिलरेटर ठेवायचा, हे त्यानं तासन्‌तास गाडी चालवून अंगात भिनवलं.

१९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग चॅम्पियन झाला. पुढच्या वर्षी त्यानं इटलीतली डीएपी ही कार्टिंग टीम गाठली. आता लक्ष्य होतं वर्ल्ड चॅम्पियनशिप.

१९७९ मध्ये पोर्तुगालच्या इस्टोरिलला ती हातात आलीच होती. पॉइंट सारखे झाले, पण बरोबरी सोडवायच्या नियमात तो मागं पडला. १९८० ला पुन्हा दुसरा नंबर. म्हणजे तीन वेळा फॉर्म्युला वन जिंकलेला हा माणूस कार्टिंगचा वर्ल्ड चॅम्पियन कधीच झाला नाही.

फॉर्म्युला वनची शिडी नेमकी असते कशी?

इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. चांगली गाडी चालवता येते म्हणून कुणी थेट फॉर्म्युला वनमध्ये जात नाही. त्याआधी सिंगल सीटरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सिंगल सीटर म्हणजे एकाच माणसाला बसायची जागा असलेली, उघड्या चाकांची रेसिंग कार.

त्या काळात पहिली पायरी होती फॉर्म्युला फोर्ड १६००. साधं १.६ लिटरचं इंजिन, गाडीला पंख नाहीत, त्यामुळं सगळा खेळ ड्रायव्हरच्या हातावर. दुसरी पायरी फॉर्म्युला फोर्ड २०००, यात इंजिन मोठं आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख आले. त्यानंतर फॉर्म्युला थ्री. आणि या सगळ्यातून टिकलेल्या मोजक्या लोकांसाठी फॉर्म्युला वन.

प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो. इंजिन, टायर, मेकॅनिक, प्रवास, अपघात झाला तर दुरुस्ती. यातला बराच पैसा ड्रायव्हरला स्वतः उभा करावा लागतो, एकतर घरून किंवा स्पॉन्सरकडून.

१९८१ ला आयर्टन इंग्लंडला आला. राल्फ फर्मन यांच्या व्हॅन डीमन कंपनीकडून फॉर्म्युला फोर्ड १६०० मध्ये उतरला. भाषा नीट येत नाही, थंडी सोसत नाही, पण मार्चमध्येच ब्रँड्स हॅचच्या ओल्या ट्रॅकवर पहिला विजय मिळाला. सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर १२ विजय आणि दोन चॅम्पियनशिप होत्या.

आणि याच वेळी त्यानं रेसिंग सोडत असल्याचं जाहीर केलं.

धंदा का ट्रॅक?

विषय असा होता की रेसिंग हा पोराचा नाद आहे, पोटापाण्यासाठी त्यानं घरचा धंदा सांभाळावा, असं वडिलांचं म्हणणं होतं. दुसरीकडं स्पॉन्सर मिळत नव्हते. फॉर्म्युला फोर्डमधल्या एका नवख्या पोरावर पैसे लावायला ब्राझीलमध्येही कुणी पुढं येईना. इतक्या रेस जिंकूनही पुढच्या पायरीचे पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

२१ वर्षांचा आयर्टन गपगुमान साओ पावलोला परत गेला आणि वडिलांच्या कामात लागला.

पण मन काही रमेना. कामावर बसलेल्या पोराचं लक्ष कुठं आहे, हे घरच्यांनाही दिसत होतं. काही महिन्यांतच वडिलांनी माघार घेतली आणि १९८२ च्या सीझनसाठी तो पुन्हा इंग्लंडला निघाला.

परतल्यावर त्यानं नावही बदललं. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं, गावोगावी सापडणारं. म्हणून त्यानं आईकडचं आडनाव पुढं केलं, सेन्ना. त्या वर्षी याच नावानं फॉर्म्युला फोर्ड २००० ची ब्रिटिश आणि युरोपियन अशा दोन्ही चॅम्पियनशिप जिंकल्या.

शेवटच्या रेसपर्यंत गेलेली लढाई

१९८३ ला पुढची पायरी, ब्रिटिश फॉर्म्युला थ्री. टीम डिक बेनेट्स यांची वेस्ट सरे रेसिंग. सेन्नानं सुरवातीच्या सलग नऊ रेस जिंकल्या. चॅम्पियनशिप आता खिशात, असं सगळ्यांना वाटलं.

पण एडी जॉर्डन यांच्या टीमचा मार्टिन ब्रंडल काही मागं हटेना. त्याला गाठायच्या नादात सेन्नाच्या चुका व्हायला लागल्या. दुसरा नंबर घेऊन गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गाडी ठोकली जायची आणि पॉइंट शून्य. नऊ विजयांची आघाडी हळूहळू वितळली आणि ऑक्टोबरमध्ये थ्रक्सटनच्या शेवटच्या रेसला ब्रंडल एका पॉइंटनं पुढं होता.

इथं सेन्नानं एक डोकं लावलं. इंजिनचं ऑइल लवकर गरम झालं तर सुरवातीच्या लॅपमध्ये जास्त ताकद मिळते. म्हणून ऑइल रेडिएटरच्या तोंडावर टेप चिकटवली. पण ती टेप तशीच राहिली तर इंजिन तापून बसणार. मग काही लॅप झाल्यावर त्यानं सीटबेल्ट सोडला, चालत्या गाडीतून हात बाहेर काढून टेप ओढली आणि पुन्हा बेल्ट लावला. जिवाशी खेळ होता. पण रेस जिंकली आणि चॅम्पियनशिपही.

पुढच्याच महिन्यात त्यानं मकाऊची ग्रां प्री मारली. फॉर्म्युला वनच्या टीम आधीच त्याच्या टेस्ट घेत होत्या. १९८४ मध्ये टोलमन या छोट्या टीमनं त्याला सीट दिली.

त्याच वर्षी मोनाकोत धो धो पाऊस आला. १३ व्या नंबरवरून निघालेला सेन्ना सगळ्यांना मागं टाकत दुसऱ्यावर आला आणि अॅलन प्रॉस्टला गाठणार तेवढ्यात पावसामुळं रेस थांबवली गेली. पुढच्या वर्षी लोटसमधून पहिला विजय मिळाला, तोही इस्टोरिलच्या पावसात. जिथं कार्टिंगचं वर्ल्ड टायटल नियमात हुकलं होतं, तेच हे इस्टोरिल.

इमोला

पुढं मॅक्लारेनकडून तीन वर्ल्ड टायटल आली. एकूण ४१ विजय, ६५ वेळा पहिल्या नंबरवरून सुरवात.

१ मे १९९४ ला इटलीतल्या इमोला ट्रॅकवर विल्यम्सची गाडी टाम्बुरेलो वळणावर भिंतीला धडकली आणि ३४ व्या वर्षी सेन्ना गेला. आदल्याच दिवशी तिथं रोलंड रॅट्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर गेला होता. रेसनंतर त्याच्यासाठी फडकवायचा म्हणून ठेवलेला ऑस्ट्रियाचा झेंडा सेन्नाच्या गाडीत सापडला.

या दोन मृत्यूंनंतर फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक, गाड्या आणि हेल्मेट यांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. त्याच वर्षी बहीण व्हिवियानं यांनी आयर्टन सेन्ना इन्स्टिट्यूट सुरू केली. ब्राझीलमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी ती आजही काम करते.

शिडी आजही तशीच आहे, फक्त पायऱ्यांची नावं बदलली. कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर, थ्री, टू आणि शेवटी वन. मुंबईचा जेहान दारूवाला हीच शिडी चढत गेला आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

आता एक शेवटचा किस्सा. १९९३ मध्ये सेन्नाला विचारण्यात आलं की कुणाशी रेस करण्यात सगळ्यात जास्त समाधान मिळालं? सगळ्यांना वाटलं, प्रॉस्टचं नाव येणार. सेन्नानं नाव घेतलं टेरी फुलर्टनचं. हा इंग्रज गडी डीएपीच्या कार्टिंग टीममधला त्याचा जोडीदार आणि फॉर्म्युला वनमध्ये तो कधी उतरलाच नाही.

तीन वर्ल्ड टायटल जिंकूनही त्याच्या मनात घर करून राहिली होती ती त्याला कधीच न मिळालेल्या कार्टिंग टायटलची वर्षं.