फिडेल लाबार्बा

कीर्ति मोठी कीं विद्या? हा प्रश्न आला कीं आम्हांस फिडेल लाबार्बा आठवतो. १९०५ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेल्या व लॉस एंजेलिसमध्यें वाढलेल्या ह्या मुष्टियोद्ध्यानें १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें फ्लायवेट गटाचें सुवर्णपदक मिळविलें. मग तो धंदेवाईक झाला. १९२७ च्या जानेवारींत स्कॉटलंडच्या एल्की क्लार्कला हरवून तो जगज्जेता ठरला. आणि त्याच वर्षीं तें पद सोडून त्यानें स्टॅनफर्ड विद्यापीठांत नांव घातलें!

पुढें आखाड्याच्या ओढीनें तो परतला. परंतु फेदरवेट गटाचें अजिंक्यपद दोनदां हुकलें, व डोळ्याच्या दुखापतीनें १९३३ सालीं खेळ संपला. तेव्हां अपुरा अभ्यास पुरा करून तो क्रीडालेखक झाला. १९८१ सालीं तो निवर्तला. मूठ सैल झाली, तेव्हां लेखणीनेंच त्यास तारलें, असें आम्हांस वाटतें.