आई बाळंतपणात गेली, मुलानं २६ वर्षं आरोग्याचं मासिक चालवलं!

आज कुटुंबनियोजनाची माहिती आशाताई घरी येऊन सांगतात, टीव्हीवर जाहिरात लागते. पण शंभर वर्षांपूर्वी हा विषय काढणंही पाप समजलं जायचं. त्या काळात हे उघडपणे छापणारा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. लागोपाठच्या बाळंतपणांनी बायका कशा खंगतात, हे त्यांनी पुढेही आजूबाजूला पाहिलं.

कर्वे होते गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. पत्नी मालतीबाई सोबतीला होत्या. या कामापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. पगार बंद झाला, पण काम थांबलं नाही.

केंद्रावर येणार तरी किती जण? लाजेपोटी कुणी फिरकतच नसे. मग घराघरात पोचायचं कसं? जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मराठी मासिक सुरू केलं. गुप्तरोग, पाळणा लांबवणं, स्त्रीचं आरोग्य, सगळं साध्या भाषेत. डॉक्टरलाही विचारायची लाज वाटेल असे प्रश्न वाचक पत्रानं विचारायचे आणि कर्वे अंकात सरळ उत्तर द्यायचे.

सनातनी मंडळी खवळली. अश्लीलतेचे खटले भरले. १९३१ मध्ये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात तर खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. तरीही निकाल विरोधात गेला, पुन्हा दंड बसला. पैशाची चणचण कायमची. लेख लिहिण्यापासून अंकाच्या बाकी कामापर्यंत बराचसा भार एकट्यावर. पण मासिक त्यांनी बंद पडू दिलं नाही.

१९५२ साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांनी दंड भरला, तीच आता सरकार लोकांना सांगू लागलं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे गेले आणि मासिकही थांबलं.

आज दोन बाळंतपणांत अंतर ठेवा असं गावातली नर्सबाई बिनधास्त सांगते आणि घरातली सासूही ऐकून घेते. त्यामागं नऊ वर्षांच्या एका पोरक्या पोराची आयुष्यभराची झुंज आहे.