दहा नंबरचा पाना आणि कुर्गानचे डॉक्टर

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आधीच एक कबुली देते. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी बोलायचं आणि हॉस्टेलवर भांडायचं, एवढंच. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आठवडाभर टाळलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते गृहस्थ मात्र असे आहेत की आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावायला हरकत नाही. ते डॉक्टर होते, इंजिनिअर नव्हते, तरीसुद्धा!

त्यांचं नाव गाव्रील अब्रामोविच इलिझारोव्ह. जन्म १९२१, मृत्यू १९९२. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते माढ्यात, आमच्या घराच्या ओसरीवर.

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, गळीत हंगामात एका रात्री कुर्डुवाडीहून माढ्याला मोटरसायकलवर येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी. ना लाईट, ना रिफ्लेक्टर. दादाची नडगी मोडली आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. आत सळई घालून ऑपरेशन झालं, पण जखमेत पू झाला आणि हाडाचा मधला तुकडा मेला. सात महिने गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की मेलेला भाग काढावाच लागेल, चार सेंटीमीटर. नातेवाइकांत लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे हाडवैद्याकडे न्या. दुसरी हळू आवाजात म्हणे गुडघ्याखाली कापून मोकळं व्हा. काकू रोज माढेश्वरीला जाऊन बसायची. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

डॉक्टरांनी तिसरा मार्ग काढला. दादा घरी आला तेव्हा त्याच्या पायाभोवती स्टीलच्या गोल रिंगा होत्या, प्रत्येक रिंगेतून आरपार तारा गेलेल्या, कातडी, मांस, हाड सगळ्यातून, आणि रिंगांना जोडणाऱ्या उभ्या आट्यांच्या सळया. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि बघून तोंड फिरवायचे. न फिरवणारे एकटे आमचे तात्या, म्हणजे आजोबा. तात्या कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, बार्शी लाईटची छोटी गाडी नीट करण्यात त्यांचा उभा जन्म गेला. त्यांनी चष्मा पुसला, खाली वाकले, बोटाने नट मोजले आणि हे आपल्याच खात्याचं काम आहे असं जाहीर केलं. सहाची सळई, एक मिलिमीटरचा आटा, दहाचा पाना. मग स्वतःच्या पेटीतला पाना आणून लावून बघितला. बरोबर बसला!

हे यंत्र ज्याने बनवलं तो माणूस कोण, हे शोधायला मी तेव्हा सुरुवात केली.

इलिझारोव्ह यांचा जन्म आजच्या पोलंडमधल्या ब्यावोव्येझा गावी, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. कुटुंब पुढे वडिलांच्या मुलखात, कॉकेशस डोंगरातल्या कुसार गावी राहायला गेलं. वडील लवकर वारले. मुलगा शाळेत बराच उशिरा गेला, पण गेला तो झपाट्याने पुढे सरकला. १९३९ साली क्रिमियातल्या मेडिकल कॉलेजला प्रवेश मिळाला आणि दोनच वर्षांत युद्ध येऊन धडकलं. अख्खं कॉलेज उचलून कझाकस्तानात हलवलं गेलं. १९४४ मध्ये पदवी हातात पडली आणि पोस्टिंग मिळालं ते कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात. कुर्गान म्हणजे उरल पर्वताच्या पलीकडे, मॉस्कोपासून जवळपास २००० किलोमीटर. बाळंतपणापासून अपेंडिक्सपर्यंत जे येईल ते या तेवीस वर्षांच्या डॉक्टरने बघायचं.

आणि जे यायचे त्यात युद्धावरून परतलेले सैनिक पुष्कळ. कुणाचं हाड वर्षभर जुळलेलं नाही, कुणाचं वाकडं जुळलंय, कुणाच्या हाडातून पू थांबत नाही. थोडक्यात, गावोगाव आमच्या दादासारखे. त्या काळी उपाय काय होते? प्लास्टर आणि वजन लटकवून पाय ताणून ठेवणं. प्लास्टरमध्ये हाड आतल्या आत हलतं, आणि माणूस महिनोन् महिने खाटेवर पडून राहिल्यामुळे सांधे आखडतात ते वेगळंच. हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची पद्धत जर्मनीत क्युंट्शर यांनी १९४० च्या सुमारास दाखवली होती. हाडात बाहेरून खिळे बसवून ते चौकटीला जोडायची कल्पनासुद्धा जुनीच, बेल्जियमच्या लांबोट यांनी १९०२ मध्येच ती वापरली होती. पण बहुतेक चौकटी एका बाजूने धरणाऱ्या. कॅन्टिलिव्हर म्हणा ना! भार आला की वाकणारच.

इलिझारोव्ह यांनी वेगळा विचार केला. हाडाला एका बाजूने धरायचं नाही, चारी बाजूंनी धरायचं. घोडागाडीच्या जोखडावरून ही कल्पना सुचली असं कुणी सांगतात, सुरुवातीच्या जुळणीला सायकलचे सुटे भाग वापरले असंही सांगतात. मला सायकलची गोष्ट जास्त पटते, कारण तत्त्व सरळ सरळ सायकलच्या चाकाचं आहे. स्पोक ही केवढीशी बारीक तार, हाताने वाकते. पण तीच रिमला ताणून बसवली की अख्खा माणूस पेलते. इथे रिंग म्हणजे रिम, दीड किंवा १.८ मिलिमीटरची तार म्हणजे स्पोक, आणि एक्सलच्या जागी माणसाचं हाड. प्रत्येक रिंगेत दोन तारा शक्य तितक्या काटकोनात एकमेकींना छेद देतात, आणि त्या शंभर किलोच्या आसपास ताणून आवळलेल्या असतात. गंमत अशी की हाड आडवं सरकू शकत नाही, वळू शकत नाही, पण चालताना भार आला की तारा किंचित लवतात आणि हाडाला वरून खाली हलकासा दाब बसतो. एवढी हालचाल हाडाला हवीच असते. त्यामुळे पेशंटने झोपून राहायचं नाही, पहिल्या काही दिवसांतच उठून पाय टेकायचा! मशीन डिझाइनच्या पेपरात ताठपणा म्हणजे चांगला असं आपण घोकतो. इथे कुठल्या दिशेला ताठ आणि कुठल्या दिशेला मऊ, हा हिशोब आहे.

१९५० मध्ये ते कुर्गान शहराच्या हॉस्पिटलात आले, १९५१ मध्ये यंत्र लोकांपुढे मांडलं, १९५२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. एवढ्यावर थांबले असते तरी एक चांगली चौकट बनवणारे डॉक्टर म्हणून नाव राहिलं असतं. पण खरा शोध पुढेच होता, आणि तोसुद्धा म्हणे एका पेशंटच्या चुकीमुळे लागला. न जुळणाऱ्या हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबण्यासाठी नट फिरवायचे होते, पेशंटने ते उलटे फिरवले. टोकं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली. एक्सरे काढला तर मधल्या फटीत नवीन हाड धरू लागलेलं! गोष्ट अशी सांगतात, तंतोतंत अशीच घडली का देव जाणे. पण एक्सरेवर दिसलेली ती सावली बिघाड म्हणून बाजूला न टाकता तिच्यामागे पुढची तीस वर्षं लागणं, हे मात्र त्यांनीच केलं.

त्यातून जे निघालं ते असं. निरोगी जागी हाडाचं बाहेरचं कवच काळजीपूर्वक कापायचं, आतला रक्तपुरवठा शक्यतो राखायचा. पाच-सात दिवस थांबायचं. मग दोन्ही टोकं अगदी सावकाश ओढायची. शरीर त्या फटीत नवं हाड विणतं, आणि हाडाबरोबर कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसा सगळं वाढतं. किती सावकाश? कुर्गानमध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी हे मोजलं. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं, दोन मिलिमीटर ओढलं तर फट नीट भरत नाही. एक मिलिमीटर बरोबर. तोही एकदम नाही, चार वेळा पाव-पाव. साठ वेळा विभागून ओढणारं स्वयंचलित यंत्र लावलं तर परिणाम आणखी चांगला.

आता तात्यांचा एक मिलिमीटरचा आटा आठवा. नटाचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. सहा कोनांचा नट असल्यामुळे पाव फेऱ्याला कोन बरोबर जुळत नाही, म्हणून डॉक्टरांनी नटांवर खुणा करून दिल्या होत्या. दादाच्या नडगीचा वरचा भाग कापून मधला तुकडा खाली सरकवायचा होता, चार सेंटीमीटर. चाळीस दिवस, रोज चार वेळा, एकशेसाठ पाव फेरे. मी सुट्टीला घरी होते. सकाळी सहाची पाळी तात्यांची, बाकीच्या माझ्या. वहीत वेळ लिहायची, पुढे सही. शंटिंग करताना मागचा डबा सोडून पुढच्या गाडीला जोडावा तसं हे आहे, असं तात्या दादाला समजावायचे. फक्त इथे डबा सरकला की मागे राहिलेल्या मोकळ्या जागेत दुसरा डबा आपोआप उगवतो, हे त्यांनाही कळत नव्हतं.

हे सगळं कुर्गानमध्ये चालू असताना मॉस्कोला ते पटत नव्हतं. सायबेरियातल्या कोपऱ्यात बसलेला, कुठल्याही मोठ्या संस्थेचा शिक्का नसलेला माणूस हाड लांब करतो म्हणतो! मोठे डॉक्टर त्यांना फिटर म्हणून हिणवत असत, असं वाचलं. (तात्यांना हे सांगितलं तर त्यांना अपमान कुठे झाला तेच समजेना.) १९६८ साली त्यांनी पर्म शहरात प्रबंध सादर केला, तो खालच्या पदवीसाठी होता. परीक्षकांनी त्यांना सरळ वरची, डॉक्टर ऑफ सायन्सची पदवी दिली. यंत्र बनून तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

त्याच वर्षी त्यांच्याकडे वालेरी ब्रुमेल आला. उंच उडीचा विश्वविक्रमवीर, २.२८ मीटर, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक. १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात पायाचा चुरा झाला आणि नामांकित हॉस्पिटलांत ऑपरेशनांवर ऑपरेशनं होऊनही हाड जुळलं नव्हतं, पाय आखूड झाला होता. कुर्गानला पाय बरा झाला. ब्रुमेलने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली आणि सोव्हिएत देशात कुर्गानचं नाव घरोघरी झालं. १९७१ मध्ये तिथे स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

देशाबाहेर मात्र कुणाला पत्ता नाही. तो लागायला एक गिर्यारोहक लागला. इटलीचे कार्लो माउरी, थोर हेयरडाल यांच्या रा नावाच्या पपायरसच्या होडीवर होते. जुन्या अपघातामुळे त्यांचा पाय आखूड आणि वाकडा झाला होता. त्याच होडीवरच्या रशियन डॉक्टरने त्यांना कुर्गानचा रस्ता सुचवला. १९८० मध्ये माउरी गेले आणि सरळ पायाने परत आले. तिथले सर्जन चक्रावले, आणि १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्ह यांना इटलीतल्या बेलाजिओ गावी परिषदेला बोलावलं. परिषद होती प्लेट आणि स्क्रूवाल्यांची! साठ वर्षांचा हा माणूस पहिल्यांदाच पश्चिमेत बोलायला उभा राहिला, तीन व्याख्यानं दिली, एक्सरेमागून एक्सरे दाखवले, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. पुढच्या दहा वर्षांत पद्धत युरोप, अमेरिका आणि आपल्याकडे पोचली. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक सळया आणि साध्या क्लॅम्पची स्वतःची चौकट बनवली, ती जेस म्हणून ओळखली जाते. हाताची बोटं आणि लहान मुलांचे जन्मतः वाकडे पाय यांसाठी ती खूप वापरली गेली.

एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाऊ नये. हे यंत्र लावून घेणं सोपं नाही. तारा जिथे कातडीतून बाहेर येतात तिथे रोज साफसफाई करावी लागते, तरी लाली येते, पाणी सुटतं. दादाला पहिले पंधरा दिवस झोप नव्हती. पॅन्टची एक बाजू उसवून नाडी लावली होती. नट फिरवायचे चाळीस दिवस संपले तेव्हा आम्हाला वाटलं झालं, पण नवीन हाड घट्ट व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एकूण साडेनऊ महिने रिंगा पायावर होत्या. मधे एकदा त्याने तात्यांकडे पाना मागितला, सगळं खोलून टाकतो म्हणाला. तात्यांनी पाना दिला नाही, तंबाखूची डबी पुढे केली. दोघं रात्रभर ओसरीवर बसून होते.

इलिझारोव्ह २४ जुलै १९९२ रोजी कुर्गानलाच वारले. सोव्हिएत देश त्याआधी काही महिने मोडला होता. मॉस्कोला कायमचं जायची संधी असूनही ते त्या गावातच राहिले, आणि तिथली संस्था आज त्यांच्याच नावाने चालते.

दादाच्या रिंगा काढल्या त्या दिवशी मी सबमिशनमुळे हॉस्टेलवर अडकले होते. तात्यांनी फोनवर सांगितलं की पाय मोजला, सहा मिलिमीटर कमी भरतो. चपलेत पातळ सोल घातला की कळतसुद्धा नाही. डॉक्टरांकडून त्यांनी एक नट मागून आणलाय, तो त्यांच्या पेटीत आहे.