टायरात हवा भरणारा गुरांचा डॉक्टर: जॉन बॉइड डनलॉप

डनलॉप हे नाव आपण टायरवर वाचतो. पण हा माणूस मुळात गुराढोरांचा डॉक्टर होता, याची मला फार गंमत वाटते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावात झाला. पुढे आयर्लंडमधल्या बेलफास्टला त्यांचा पशुवैद्यकीचा चांगला जम बसला. १८८७ साली त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यांवर फार आदळायची, कारण तेव्हाचे टायर म्हणजे नुसतं भरीव रबर. डनलॉप यांनी पातळ रबराची नळी चिकटवली, लाकडी चकतीवर बसवली आणि तिच्यात हवा भरली. मग हे चाक आणि सायकलचं चाक अंगणात घरंगळत सोडलं. हवेचं चाक कितीतरी पुढे गेलं!

१८८८ मध्ये पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विली ह्यूमने हेच टायर लावून बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या. पण १८९० मध्ये पेटंट रद्द ठरलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हीच कल्पना नोंदवली होती. डनलॉप १९२१ मध्ये डब्लिनला वारले. त्यांचं नाव जगभर गेलं, पण या शोधातून त्यांच्या हाती फार मोठी संपत्ती लागली नाही.

मला त्यांच्या प्रयोगातली एक गोष्ट आजही कामाची वाटते. गाडीचं वजन मुख्यतः रबर नाही, तर आत दाबून भरलेली हवा पेलते.

अमेरिकेत लोक पिकअपमागे अख्ख्या घरासारखा जड ट्रेलर ओढत फिरतात. त्याच्या टायरवर ‘एसटी’ लिहिलेलं असतं. ही आपली लालपरी नव्हे, तर ‘स्पेशल ट्रेलर’. एसटी २२५/७५ आर १५ हा एकच साइज घ्या. ‘लोड रेंज डी’चा टायर ६५ पीएसआय हवेवर सुमारे ११५० किलो पेलतो. ‘ई’चा टायर ८० पीएसआयवर सुमारे १२८० किलो. चार टायरांचा हिशोब केला तर फरक ५०० किलोंच्या वर जातो. म्हणून नुसता साइज जुळवून टायर घेऊ नये. सामान भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा, टायरची क्षमता त्याहून बरीच जास्त ठेवावी आणि रिम व व्हॉल्व्ह तेवढा दाब सोसतात का, तेही बघावं. हवा कमी असली की टायरची बाजू सतत वाकते, तापते आणि टायर फुटतो.

आणखी एक. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असतो. त्यामुळे नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे त्याचं वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

तुमच्या बाइकच्या टायरवरही हे आकडे असतात. मोबाइलचा टॉर्च लावा, फोटो काढून झूम करा आणि बघा. हवा मात्र गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिली असेल तेवढीच भरा.